अध्यक्ष कोणाला व्हायचंय?

त्या वर्षी अमेरिकेतल्या एका पक्षाचे पाच-सहा पुढारी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आपापसात भांडत होते. आम्ही ते भांडण बहारीनच्या उम्म अल हस्सममध्ये, काकूंच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून, शुक्रवारचं जेवण अंगावर आलेलं असताना मोठ्या चवीने बघत होतो. स्टेजवर ओळीने उभी असलेली ती सुटाबुटातली माणसं एकमेकांची लक्तरं काढत होती. एक म्हणे, याला अर्थकारण कळत नाही. दुसरा म्हणे, याला काहीच कळत नाही. शेवट मात्र सगळ्यांचा एकच होता, म्हणून उमेदवारी मला द्या.

काकांनी बडीशेपेची वाटी खाली ठेवली. "ही सगळी एकाच पक्षाची माणसं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि स्वतःच्या तोंडानं सांगतायत, मला अध्यक्ष करा म्हणून?"

"तिकडे तसंच असतं, काका."

"अगं, पण लाज कशी वाटत नाही," काका म्हणाले. त्यात चेष्टा अजिबात नव्हती. त्यांना खरोखरच त्या माणसांबद्दल वाईट वाटत होतं.

काका म्हणजे माझे कोणी नात्यातले नव्हेत. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे सांगलीचे, मीना सलमान बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. मी लग्न होऊन डोंबिवलीहून बहारीनला आले तेव्हा इथलं उन्हाळ्यातलं दमट ऊन आणि नवऱ्याच्या शिफ्ट्या या दोन्हींनी माझं डोकं फिरायची वेळ आली होती. तेव्हापासून मी या घरात दारावर टकटक न करता शिरते. माझ्या लेकीने पहिलं पाऊल काकूंच्या स्वयंपाकघरात टाकलं. त्यामुळे या दोघांच्या बाबतीत मी तटस्थ वगैरे मुळीच नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या मराठी मंडळाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. मंडळात दोन पॅनेलं आहेत. दोघांनाही गणपती व्यवस्थित व्हावा आणि पोरांना चार ओळी मराठी बोलता यावं, एवढंच हवं असतं. तरीही दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत. आमच्या पॅनेलला आम्ही घरात 'पार्टी' म्हणतो. समोरच्या पॅनेलात हल्ली अध्यक्षपदाला उभं राहायला कोणी तयारच होत नाही, म्हणून आमच्या पार्टीची उमेदवारी मिळाली की अध्यक्षपद मिळालंच म्हणायचं.

ही उमेदवारी द्यायची आमची एक पद्धत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. पंगतीत जिलबी वाढायला आली की आपण पानावर हात आडवा धरतो. वाढणारा म्हणतो, घ्या हो. आपण म्हणतो, नको, खरंच नको. तो पुन्हा म्हणतो, एकच घ्या. तिसऱ्यांदा आपण हात जरासा बाजूला करतो आणि दोन जिलब्या पानात पडतात. अध्यक्षपदाचंही तसंच. कोणीतरी नाव सुचवायचं, त्याने नको म्हणायचं, दुसऱ्याने आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणून आणखी कोणाचं तरी कौतुक करायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला मान खाली घालून म्हणायचं, आता सगळ्यांची इच्छाच असेल तर. आमचे मावळते अध्यक्ष पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. गेल्या खेपेला त्यांनी तिसऱ्या आग्रहाला इतक्या चटकन होकार दिला होता की भाषण खिशात तयार असल्याचा आम्हाला दाट संशय होता.

या खेपेला नावं दोनच होती. एक काका. दुसरी सिस्टर.

सिस्टर वसईची, ख्रिस्ती. इथल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून आली आणि आता अख्ख्या मजल्याची सुपरवायझर आहे. मंडळात सगळे तिला सिस्टरच म्हणतात, गणपतीच्या आरतीलासुद्धा. ती आरतीला टाळ वाजवते, आणि आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा तालात वाजवते.

मी व्यवसायाने अकाउंटंट. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची खोड जडलेली. त्यामुळे कोणी विचारायच्या आधीच माझ्या डोक्यात या दोघांची तुलना सुरू झाली होती. काका कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. सिस्टर वेळेवर येते, काम संपलं की यल्ला, म्हणजे चला, म्हणून निघते. काका मंडपाची दोरी स्वतः बांधतात, दुसऱ्याने बांधली तर सोडून पुन्हा बांधतात. सिस्टर दोरीला हात लावत नाही, पण ज्याला सांगेल तो मुकाट्याने बांधतो. हॉलच्या मॅनेजरने पैसे वाढवून मागितले तर काका आधी त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतात, मग चहा पाजतात आणि शेवटी वाढीव पैसे देऊन येतात. सिस्टर त्याच्याकडे नुसती बघत उभी राहते, आणि जरा वेळाने तोच रक्कम खाली आणतो. तिच्याशी भांडण झालेली माणसं मंडळात चिक्कार आहेत. काकांशी कोणाचं भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. माझ्या लेकीला शाळेतून आणायला उशीर होणार असेल तर मी काकांना फोन करीन. मंडळ मात्र मी सिस्टरच्या हातात देईन. हे माझं मत तयार झालं होतं आणि मी ते गिळून टाकलं होतं.

गिळायचं कारण काकू.

एका संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. काकू हळूच म्हणाल्या, "ह्यांना कंपनीनं शेवटचं एक्स्टेन्शन दिलंय. दोन वर्षं. मग खलास, सांगली."

ही दोघं कधीतरी जाणार हे मला कळत होतं, पण ते कधीतरी इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं.

"म्हणजे अध्यक्ष व्हायचं तर हीच वेळ," काकू म्हणाल्या. "आल्या वर्षापासून मंडळाचं करतायत. खुर्च्या लावल्या, माइक लावले. स्टेजवर जातात, हॅलो हॅलो म्हणून बघतात, आणि माइक दुसऱ्याच्या हातात देऊन खाली येतात. मला एकदा बघायचंय, माइक दुसऱ्याला न देता बोलताना."

"त्यांना हवंय का पण?"

"हवंय का म्हणजे? पार्किंगमध्ये गाडीत बसून भाषण पाठ करतात. मला म्हणतात रेडिओ ऐकत होतो." काकूंनी मेथीची एक काडी उगीचच दोनदा मोडली. "तू कोअर टीममध्ये आहेस. तू नाव सुचव. ते आपणहून जन्मात बोलायचे नाहीत."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते?

आमची कोअर टीम सात जणांची. मावळते अध्यक्ष, काका, सिस्टर, मी, तुबलीत गॅरेज असलेले भाऊ, आणि आयटीतलं एक तरुण जोडपं. बैठक नेहमी भाऊंच्या गॅरेजच्या वरच्या ऑफिसात. शुक्रवारी गॅरेज बंद असतं, पण रंगाचा वास सुट्टी घेत नाही. बसायला खुर्च्या कमी पडतात, म्हणून कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीची मागची सीट भिंतीला लावून ठेवलेली आहे. भाऊंनी थर्मासमधून करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा ओतला आणि मावळते अध्यक्ष म्हणाले, "तर, पुढचा अध्यक्ष कोण?"

मी लगेच काकांचं नाव घेतलं.

"छे छे," काका म्हणाले. "आता माझं काय वय आहे का? तरुणांना संधी द्या."

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. भाऊंनी दुसरा आग्रह केला. "काका, तुमच्याशिवाय आहे कोण? तुम्हीच."

"नको, खरंच नको," काका म्हणाले. आता रीतीप्रमाणे दुसऱ्या कोणाचं तरी कौतुक करायची पाळी होती. समोर सिस्टर बसली होती. "ही आहे की. मागच्या गणपतीला हॉलवाल्यानं ऐनवेळी बुकिंग फिरवलं तेव्हा आपण सगळे डोक्याला हात लावून बसलो होतो. हिनं दुपारभरात दुसरा हॉल बघितला, बस वळवली, जेवणवाल्याला तिकडं पाठवलं. गणपतीला कळलंसुद्धा नसेल आपला पत्ता बदलला म्हणून. मला नसतं जमलं. हिच्यासारखं माणूस असताना माझं नाव कशाला घेताय?"

रीतीपुरतं कौतुक एवढं खरं असायची गरज नव्हती. पण काका बोलायला लागले की त्यांना खोटं सुचत नाही. आता तिसरा आग्रह. आयटीवाला तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टरने चहाचा कप खाली ठेवला.

"मला चालेल," ती म्हणाली. "मला व्हायचंय अध्यक्ष."

आमच्या पार्टीत आजवर पहिल्या फटक्यात कोणी हो म्हटलं नव्हतं. आणि हिला तर अजून कोणी नीट विचारलंही नव्हतं.

सिस्टरने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "काकांना नको ना? दोनदा बोलले ते."

मावळत्या अध्यक्षांना एअरपोर्टवर सासऱ्यांना आणायला जायचं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. "मग झालंच की. काकांनीच सुचवलंय. खलास."

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात काकांनी वाजवल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आता काकांसाठी आग्रह धरणं म्हणजे सिस्टरला तोंडावर नको म्हणणं होतं, आणि तेही तिने मोकळेपणी हो म्हटल्यावर. भाऊ माझ्याकडे बघत होते आणि मी भाऊंकडे.

घरी काकूंनी दार उघडलं तेव्हा शिऱ्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. माझी लेक तिथेच अभ्यास करत बसली होती.

"कोण झालं?" काकूंनी विचारलं.

"सिस्टर," काका म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी नको म्हटलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा विचारलं नाही कोणी?"

"नाही," काका म्हणाले आणि चपला काढून, त्या नीट जोडून, आत गेले.

माझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र ती इंग्रजीत देते. तिने पेन्सिल खाली ठेवली. "बट ही वॉन्टेड इट. सो व्हाय डिड ही से नो?"

काकू शिरा वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी लेकीकडे बघितलं आणि म्हटलं, "तू होमवर्क कर."

पुढचे काही दिवस काका नेहमीसारखेच वागायचा प्रयत्न करत होते, आणि ते फारच वाईट दिसत होतं. ते सिस्टरची तारीफ ज्याला-त्याला ऐकवत होते. भाजीवाल्या मल्याळी माणसालाही त्यांनी हिंदीत सांगितलं की हमारा नया प्रेसिडेंट एकदम सही है. एकदा मी ऑफिसातून आले तर खाली पार्किंगमध्ये त्यांची गाडी चालू होती. आत काका स्टिअरिंगसमोर ताठ बसून काहीतरी बोलत होते, मधेच एक हात वर करत होते. मला बघून गाडीतून उतरले.

"रेडिओ ऐकत होतो," ते म्हणाले.

मी वर आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग मला राग आला. काकांचा, त्या जिलबीच्या रीतीचा, सासऱ्यांना आणायला निघालेल्या मावळत्या अध्यक्षांचा. राग आला की मला गप्प बसवत नाही. लेकीचा खोकला हे निमित्त करून मी दुसऱ्या दिवशी सिस्टरचं हॉस्पिटल गाठलं, आणि कॅन्टीनमध्ये तिला सगळं सांगून टाकलं.

तिने एखाद्या पेशंटची हिस्टरी ऐकावी तसं ऐकलं. "मग ते नको का बोलले?"

"तसंच बोलायचं असतं. तीनदा विचारायचं असतं त्यांना."

"वसईला आमच्यात पण आग्रह करतात. पण जेवताना. अध्यक्षाला नाय." तिने समोरचा कप बाजूला सरकवला. "माझ्या वॉर्डात पेशंट असतात असे. दुखतंय का विचारलं की म्हणतात, नाय सिस्टर, बरं आहे. आणि घामाने भिजलेले असतात. त्यांना धरून विचारावं लागतं."

"मग विचार ना," मी म्हटलं.

"विचारते. पण एक ऐकून ठेव. मलापण हवंय ते. दया येऊन सोडणाऱ्यातली मी नाय."

त्याच संध्याकाळी ती ड्यूटीवरून थेट काकांकडे आली. मी होतेच. काकांनी ये ये केलं, पंखा वाढवला, बस म्हणाले. सिस्टर बसली आणि पर्स मांडीवर ठेवून तिने विचारलं, "काका, तुम्हाला अध्यक्ष व्हायचं होतं?"

"छे गं, तू आहेस की चांगली..."

"माझं सोडा. तुम्हाला हवं होतं? हो की नाय?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण त्या आवाजापुढे अख्ख्या मजल्यावरची माणसं खरं बोलत असणार. काकू हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. काकांनी बंद टीव्हीकडे बघितलं, मग काकूंकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. त्यांचे कान लाल झाले होते.

"हो," ते म्हणाले. "हवं होतं."

मला वाटतं, साठीला आलेल्या त्या माणसाला आजवर कोणी असं विचारलंच नव्हतं. निदान उत्तर मिळेपर्यंत कोणी थांबलं नव्हतं.

"झालं तर," सिस्टर म्हणाली. "मलापण हवंय. मला असं फुकटात मिळालेलं नको. परत मीटिंग लावू. दोघं बोलू, मग सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला जास्त, तो."

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोक सातच आहेत, काका."

काकूंनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. प्रतिस्पर्धी उमेदवाराला एवढं तूप कोणी वाढलेलं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या बैठकीला काकूही आल्या. त्यांना मत नव्हतं, पण त्या गाडीच्या सीटवर मधोमध बसल्या आणि त्यांना उठवायची कोणाची छाती झाली नाही. आयटीवालं जोडपं येताना गाडीत भांडून आलेलं दिसत होतं. एकाला काका हवे होते आणि दुसरीला सिस्टर. मावळत्या अध्यक्षांना हा सगळा प्रकार जरा अवघड वाटत होता. आपल्यात हे असं कधी झालं नाही, असं ते दोनदा म्हणाले.

आधी सिस्टर बोलली. चहा निवायच्या आत तिचं संपलं. मुलांचे मराठीचे वर्ग दर शनिवारी लावणार, न येणाऱ्या शिक्षकांना बदलणार, कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना गणपतीला बसने आणणार आणि त्यांना मागच्या रांगेत बसवणार नाही. बसवणार नाही म्हणताना तिने भाऊंकडे बघितलं, कारण बसण्याची व्यवस्था भाऊंकडे असते. भाऊंनी मान हलवली.

मग काका उठले. शर्ट खाली ओढला.

"मला अध्यक्ष व्हायचंय," ते म्हणाले आणि थांबले.

मला वाटलं आता पुढे काहीतरी जोडतील, म्हणजे तुमची इच्छा असेल तर, वगैरे. नाही जोडलं. ते वाक्य तसंच राहू दिलं. काकू त्यांच्याकडे अशा बघत होत्या की मला नजर काढून घ्यावी लागली.

"पंचवीस-तीस वर्षं झाली इथं," काका म्हणाले. "दोन वर्षांनी जाणार. जायच्या आधी एकदा व्हायचंय. मला आवडेल ते. बाकी पुष्कळ पाठ केलं होतं गाडीत, पण आता आठवेना."

सगळे हसले, काकाही हसले. टाळ्या कडकडून वाजल्या. मी मनात म्हटलं, जिंकले. हे ऐकल्यावर आणखी काय पाहिजे?

"काकांसाठी हात वर," मावळते अध्यक्ष म्हणाले.

माझा हात कोणी सांगायच्या आत वर गेला. भाऊंचा गेला. आयटीवाल्याचा गेला, बायकोकडे न बघता. तीन. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते माझ्या शेजारीच बसले होते. मी कोपर मारलं.

"काका, हात," मी पुटपुटले.

त्यांनी मान हलवली, पण हात वर केला नाही.

"सिस्टरसाठी?"

सिस्टरने स्वतःचा हात सरळ वर केला, काही संकोच नाही. आयटीवाल्याच्या बायकोने केला. मावळत्या अध्यक्षांनी केला. तीन. आता सगळे काकांकडे बघायला लागले. मला वाटलं, संकोच आहे, कोणी विचारलं की वर करतील, आणि मी तिसरा आग्रह करायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. चांगला खांद्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा.

"काका, हे सिस्टरचं चाललंय," भाऊ म्हणाले.

"कळलंय मला," काका म्हणाले.

सिस्टरचा चेहरा उतरला. मी तिला कधी अशी बघितली नव्हती. "काका, तुम्ही परत तेच केलंत. मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"तू विचारलंस, हवंय का. मी सांगितलं, हवंय. ते खरंच आहे." काका शांतपणे बोलत होते, जहाजाच्या कुठल्या भागाला काय झालंय ते सांगावं तसे. "आज विचारलं, कोणाला करायचं. ते वेगळं विचारलं की. मंडळ तू चांगलं चालवशील. मी तीच ती दोरी बांधत बसेन."

मला त्या क्षणी काकांचा विलक्षण राग आला आणि त्यांचा हात धरून बसावंसं वाटलं, दोन्ही एकदम. इतके दिवस मी या दोघांची तुलना करत होते, उत्तरही मला केव्हाचं माहीत होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी ते उत्तर बाजूला ठेवलं, कारण मला काका हवे होते. त्या खोलीत ज्याचं सगळ्यात जास्त जात होतं, त्यानेच काय ते नीट तोलून बघितलं होतं.

सिस्टर उठली, काकांपाशी आली आणि त्यांच्या पायाशी वाकली. तिच्यात तशी पद्धत नाही. काका गडबडले, अगं अगं करायला लागले. भाऊंनी उगीचच थर्मास उचलून बघितला.

परत येताना मी त्यांच्याच गाडीत मागे बसले होते. तुबलीहून निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खाडीला ओहोटी होती. काका गाडी चालवत होते, काकू शेजारी. मला वाटलं काकू आता फाडफाड बोलणार. तशा त्या बोलतातही. पण त्यांनी पदर सारखा केला आणि समोर बघत हळू आवाजात विचारलं, "वाईट वाटतंय का हो?"

काकांनी इंडिकेटर दिला, मागे बघितलं, लेन बदलली. छे छे, त्यात काय एवढं, हे मी त्यांच्या आधी मनात म्हणूनसुद्धा टाकलं.

"वाटतंय," काका म्हणाले. "लई वाटतंय."

काकूंनी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.